निळा की गुलाबी? मातीला विचारा!

हायड्रेंजिया मूळचा जपानचा. त्याच्या गुच्छात ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं असतात, म्हणूनच बहर कित्येक आठवडे टिकतो.

रंग : सगळी करामत अ‍ॅल्युमिनिअमची. मातीचा सामू ५.५ च्या खाली असला की मुळं ते शोषून घेतात आणि फूल निळं होतं. सामू ६.५ च्या वर गेला की ते मातीतच अडकून राहतं, फूल गुलाबी होतं. मधल्या सामूत जांभळट छटा येतात, आणि माझ्या मते त्याच सर्वांत देखण्या. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, देशावरची काळी माती अल्कधर्मी, त्यात बोअरचं जड पाणी. त्यामुळे नर्सरीतून निळा म्हणून आणलेला हायड्रेंजिया पुण्यात पुढच्या बहराला गुलाबी होऊ शकतो. निळा टिकवायचा असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी घाला आणि स्फुरद जास्त असलेलं खत टाळा. पांढऱ्या जाती मात्र निळ्या होत नाहीत.

ऊन-पाणी : सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली हवीच. भर दुपारी पानं माना टाकतात, तेव्हा घाईने पाणी ओतू नका. मातीत बोट दोन पेरं खुपसून पाहा. ओल लागली तर संध्याकाळपर्यंत पानं आपसूक सावरतात.

छाटणी : फुलं सुकली की लगेच. बहुतेक जातींच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या जुन्या फांद्यांवरच धरतात, त्यामुळे हिवाळ्यात कात्री चालवली तर बहर गेलाच.

जपा : पानं आणि कळ्या विषारी असतात. लहान मुलं, कुत्री-मांजरं यांना दूर ठेवा.