बांधकामाचा परवाना म्हणजे रस्त्याचा परवाना नव्हे
बांधकाम परवाना हाती आला की समोरचा रस्ताही काही महिने आपलाच, हा समज कोल्हापुरात फार पक्का आहे. कायदा तसे म्हणत नाही. घर बांधण्याची परवानगी मिळते ती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली. रस्ता खोदायचा किंवा त्यावर वाळू-खडी टाकायची, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांची वेगळी लेखी परवानगी लागते. शिवाय अडथळ्याभोवती कुंपण आणि रात्री दिवा हवा.

शिवाजी पेठेतल्या बोळात घराला अंगणच नाही, मग विटा ठेवायच्या कुठे, हा प्रश्न खरा आहे. पण गल्ली जितकी अरुंद, तितकी या परवानगीची गरज मोठी. किती फूट आणि किती दिवस हे आधी ठरले, तरच रुग्णवाहिकेला आणि अंबाबाईच्या दर्शनाला निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना वाट उरते. हेलपाटे वाढतात ही तक्रारही रास्तच. म्हणून मागणी करावी ती दोन्ही अर्ज एकाच खिडकीवर घेण्याची, नियम काढून टाकण्याची नव्हे. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांत निर्णय न झाल्यास मानीव परवानगीची सोय आहे, पण ती बांधकामापुरती. रस्त्यावरच्या खडीच्या ढिगाला तिचा आधार नाही.