आधी आंघोळ, मग अक्षर

बोर्डीच्या बालवाडीत दिवसाची सुरुवात पाण्याने व्हायची. हातपाय धुवायचे, आंघोळ करायची, केस विंचरायचे, नखं कापायची. मग गाणी, गोष्टी आणि बाकीचं सगळं. डहाणू तालुक्यातल्या या किनाऱ्यावरच्या गावात ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं. शिकल्यासवरल्या बायकांनी दुसऱ्यांच्या पोरांना न्हाऊमाखू घालायचं, याला शिक्षण म्हणायला तेव्हा किती जण तयार होते कोण जाणे. आज तरी किती जण आहेत?

पण त्या आंघोळीकडेच जरा नीट बघा. तांब्या कलताना मनगट किती वळवायचं हे हात शिकतो. पाणी ऊन आहे की गार, हे कातडी सांगते आणि बाई त्याला शब्द पुरवतात. ‘आता तीन तांबे हं!’ म्हटलं की मोजणं आलं. सदऱ्याचं बटण आपलं आपण लावलं की बोटांची चिमूट घट्ट होते, शिवाय ‘मला आलं’ म्हणून चेहऱ्यावर जी ऐट चढते ती वेगळीच. शरीर, भाषा, गणित, स्वाभिमान हे सगळं आपण मोठ्यांनी निरनिराळ्या तासांना वाटून टाकलंय. चार वर्षांच्या मुलाला त्या वाटण्या ठाऊकच नसतात. त्याचं सगळं एकदम चालतं.

आता मनगटाचंच घ्या. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या हाताचा एक्स-रे काढला, तर बहुधा त्यातलं एकही दिसत नाही! तिथे असते नुसती कूर्चा. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं धरू लागतात, मग वर्षा-वर्षाने एकेकाची भर पडते. आठवं, वाटाण्याएवढं हाड एक्स-रेत उमटायला आठवं ते बारावं वर्ष उजाडतं. म्हणजे ज्या वयात आपण पोराच्या हाती पेन्सिल कोंबून ‘रेघेवर लिही’ म्हणून डोळे वटारतो, त्या वयात मनगटाचं बांधकाम चालूच असतं. माती थापणं, कणकेचे गोळे करणं, शेंगा सोलणं, मणी ओवणं यातून ज्या बोटांत बळ येतं, त्याच बोटांनी पुढे अक्षर वळणदार निघतं. लिहिण्याची तयारी कागदाच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

ताराबाईंनी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना माँटेसरी पद्धत आत्मसात केली होती. माँटेसरीची साधनं मोठी देखणी, पण महाग. खेड्यात ती आणायची कुठून? मग शंखशिंपले, बिया, गोटे, पानं, बांबू यांचीच साधनं झाली. ही सोय गरजेपोटी झाली खरी, पण माझ्या मते ती मूळ साधनांपेक्षा एका बाबतीत सरस ठरली. कारखान्यातले ठोकळे मापात कापलेले असतात; त्यांचा क्रम कारागिराने आधीच ठरवलेला असतो. शिंपले एकासारखा दुसरा मिळत नाही. ते निवडायचे तर रंगावर, आकारावर की खरखरीतपणावर, हे मुलाला स्वतःच ठरवावं लागतं.

या वयाची बुद्धी किती निराळी असते ते घरीच बघता येईल. सहा चिंचोके एका ओळीत मांडा, त्यांच्यासमोर आणखी सहा. चार वर्षांचं मूल म्हणेल, दोन्हीकडे सारखेच. आता त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांबवा, चिंचोक्यांमध्ये नुसतं अंतर वाढवा, आणि पुन्हा विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘ही जास्त!’ जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने असे प्रयोग करून दाखवले. दोन-तीन वर्षांनी तेच मूल हसून म्हणतं, ‘सारखेच तर आहेत, तुम्ही नुसते सरकवले.’ मधल्या काळात घोकंपट्टी फारशी कामाला येत नाही. ओळी मांडून, मोडून, पुन्हा मांडून हा उलगडा त्याचा त्यालाच व्हावा लागतो.

कोसबाडचा खरा विचार मात्र साधनांच्याही पुढचा होता. मुलगी शाळेत का येत नाही? कडेवर धाकटं भावंड आहे म्हणून. मग भावंडालाही येऊ द्या: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी अशी आकाराला आली. मुलगा का येत नाही? गुरं राखायला जातो म्हणून. मग शाळाच कुरणावर गेली, तिचं नाव कुरणशाळा. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत पोचत नाहीत? तर मुलांच्या अंगणातच बालवाडी भरवायची. ही झाली अंगणवाडी.

हाच शब्द सरकारने पुढे उचलला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि आज देशभर सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांतही आहार, लसीकरण आणि खेळ-गाणी एकाच छताखाली, हे सूत्र तेच. अंमलबजावणी कुठे कशी, हा वेगळा लेख होईल.

तुमच्या जवळच्या अंगणवाडीत एकदा जाऊन या. सेविकाताईंना विचारून डबाभर चिंचोके आणि पिशवीभर शिंपले धुऊन, वाळवून नेऊन द्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मात्र ते देऊ नका. ती सगळ्याची परीक्षा तोंडाने घेतात.