पन्हाळा : कोठारांचा आणि विहिरींचा गड

गळीत हंगाम आटोपला, तोडणीच्या शेवटच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, की आपल्याकडे सहलीचं वारं सुटतं. यंदा आमच्या गटातले अठरा सभासद दोन गाड्या करून जोतिबा आणि पन्हाळा एका दिवसात पाहून आलो. पन्हाळा बहुतेकांचा पूर्वी झालेला. झालेला म्हणजे काय, तर वर जाऊन झुणका-भाकर खाल्ली, तबक उद्यानात फोटो काढले आणि दिवेलागणीला खाली आलो. मीही त्यातलाच. या खेपेला मात्र बरोबर तात्या होते. वय सत्तरीच्या पुढे, उभा जन्म विहिरी खणण्यात आणि बांधण्यात गेलेला. त्यांनी बुरुज-दरवाजे कमी आणि धान्य-पाणी जास्त दाखवलं.

सकाळी आधी वाडी रत्नागिरीला गेलो. चैत्री यात्रा नुकतीच होऊन गेलेली. पायऱ्यांच्या फटींतून गुलाल अजून तसाच होता. चांगभलं म्हणून दर्शन घेतलं आणि गाड्या पन्हाळ्याकडे वळवल्या.

पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येला सुमारे २० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांहून उंच. हा नुसता ओसाड किल्ला नव्हे. वर नगरपरिषद आहे, शाळा आहे, घरंदारं आहेत, आणि मोटार थेट तटाच्या आत जाते. आपण आत शिरतो तिथं पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ साली गडकऱ्यांनी बंड केलं, ते मोडल्यावर इंग्रजांनी हा दरवाजा पाडला. गड मूळचा शिलाहारांचा. दुसऱ्या भोजराजाचा इथं मुक्काम असे. पुढं यादव, बहामनी, आदिलशाही असं करत २८ नोव्हेंबर १६५९ रोजी तो शिवाजी महाराजांनी घेतला, अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठराव्या दिवशी.

त्यानंतरची गोष्ट आपल्याला पाठ असते, पण तीत एक हिशेब राहून जातो. सिद्दी जौहरचा वेढा २ मार्च १६६० ला पडला आणि महाराज निसटले १२ जुलैच्या रात्री. मोजून बघा, चार महिने दहा दिवस. म्हणजे आपल्या कारखान्याच्या एका हंगामाएवढे दिवस! राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आलेले, पावसाळा लागला तरी तो हलायला तयार नाही. एवढे दिवस गडावरची माणसं, घोडी, जनावरं जगली कशावर?

याचं उत्तर अंबरखान्यात मिळतं. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. गंगा कोठी सगळ्यांत मोठी. तिच्यात २५,००० खंडी धान्य मावे असं सांगतात. वीस मणांची एक खंडी, पुढचा गुणाकार ज्यानं त्यानं करावा. दगडी भिंती, आत एकाशेजारी एक सोळा खण, आणि प्रत्येक खणाच्या छताला मधोमध एक भोक. बाहेरच्या जिन्यानं वर चढायचं आणि भोकातून धान्य आत सोडायचं. तात्या बराच वेळ मान वर करून त्या भोकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वरनं वतायचं, खालनं काढायचं. म्हंजे जुनं आधी भाईर. आपल्या घरात नवी पोती म्होरं आन् जुनी भित्तीकडं किडत्यात."

तिथून अंधार बावडी. तीन मजली बांधकाम, बाहेरून विहीर वाटूच नये असं. खालच्या मजल्यात पाणी, त्यावर पहारेकऱ्यांसाठी जागा, आणि तटाबाहेर निसटायला चोरवाट. वेढा घालणारा आधी पाण्यात विष कालवायला बघे, म्हणून गडाचं पाणीच अंधारात दडवून ठेवलेलं. आदिलशाहीतलं हे काम. आम्ही कठड्यावरून वाकून पाहिलं. पाणी दिसेना, दिसला तो कडेला अडकलेला पाण्याच्या बाटल्यांचा खच.

तात्या मला म्हणाले, "तुझ्या मळ्यातली बी अशीच झालीया की." चारचौघांत बोलल्यानं राग आला, पण खोटं नव्हतं. वडिलांनी कर्ज काढून खणलेली विहीर. उपसा योजनेचं पाणी बांधावर आलं आणि आम्ही तिच्यात पाचट, फुटके पाइप, नको ते सगळं लोटत गेलो. मागच्या उन्हाळ्यात योजनेचा पंप जळाला. तीन आठवडे पाणी नाही. एक एकर खोडवा डोळ्यांदेखत वाळला आणि चाळीस फुटांवरच्या विहिरीत दोर टाकायची सोय नव्हती.

दुपारी तीन दरवाजा आणि सज्जा कोठी पाहिली. १६७३ साली कोंडाजी फर्जंदानं अवघ्या साठ माणसांनिशी हाच गड परत घेतला, ते कोणत्या अंगानं चढले असतील यावर गाडीवाल्यासकट सगळ्यांनी मतं दिली. शिवा काशीद हे गडाखालच्या नेबापूरचे. महाराज म्हणून पालखीत बसायचं म्हणजे मरायचंच, हे माहीत असून ते बसले. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी गर्दी असते, तशी काशीदांपाशीही असावी, असं आपलं मला वाटलं. मसाईचं पठार आणि पांडवदऱ्याची लेणी वेळेअभावी राहिली.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळा आहे. त्यामुळे गर्दी वाढणार. जाणाऱ्यांनी शक्यतो रविवार टाळावा आणि अंबरखाना उन्हं चढायच्या आत पाहावा.

परतल्यावर चौथ्या दिवशी तात्यांनी दोन गडी आणि घमेली घेऊन मळ्यात पाय ठेवला. आतापर्यंत विहिरीतून चार ट्रॉली गाळ-कचरा निघाला आहे. तळ अजून लागलेला नाही. पन्हाळ्याला जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना : अंधार बावडीत डोकवायला बॅटरी बरोबर न्या. आमच्याकडे नव्हती.