वर्तन विश्लेषणाची ऑनलाइन पदवी : ज्ञान घरबसल्या, अधिकाराचे काय?

वाराणसी - उपयोजित वर्तन विश्लेषण या विषयाची पदव्युत्तर पदवी परदेशी विद्यापीठांतून ऑनलाइन घेता येते. स्वमग्न मुलांचे पालक व शिक्षक यांना या विद्याशाखेचे विशेष आकर्षण वाटते. मात्र पदवी मिळाली म्हणजे भारतात व्यवसाय करण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही.

काशीच्या दुर्गाघाट व ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य आहे. पूर्वी महाराष्ट्रातून विद्येसाठी काशीत येणारा विद्यार्थी गुरूच्या घरी राहून शिकत असे. आज दुर्गाघाटावरील घरातून अमेरिकेतील वर्गाला हजर राहता येते. प्रवास टळला, गुरूच्या देखरेखीची गरज मात्र कायम आहे.

काय शिकवले जाते?

१९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली या अमेरिकी अभ्यासकांच्या लेखाने या शाखेची चौकट स्पष्ट केली. एखाद्या वर्तनापूर्वी काय घडले, प्रत्यक्ष वर्तन कोणते आणि त्यानंतर काय मिळाले, यांची नोंद हा तिचा पाया होय. अभ्यासाला बसवताच मूल किंचाळते आणि पुस्तक दूर केले जाते, असे वारंवार घडल्यास किंचाळणे दृढ होते. अशा मुलाला किंचाळण्याऐवजी शब्दाने वा चित्राने 'थोडे थांबू या' असे सांगण्यास शिकवले जाते.

मोजमाप, वर्तनाच्या कारणांचे मूल्यमापन आणि व्यावसायिक नीती हे विषयही अभ्यासक्रमात असतात. आरंभीच्या काळात वापरलेल्या शिक्षेवर आणि मुलाला इतरांसारखे दिसण्यास भाग पाडण्यावर अनेक स्वमग्न प्रौढांनी कठोर टीका केली आहे. त्यामुळे नीतीचा भाग विशेष महत्त्वाचा ठरतो.

प्रमाणपत्राचा प्रश्न

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील वर्तन विश्लेषक प्रमाणन मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी पदवीबरोबरच १,५०० ते २,००० तासांचे देखरेखीखालील काम आणि परीक्षा आवश्यक असते. परंतु १ जानेवारी २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज हे मंडळ स्वीकारत नाही. अन्य आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रे मिळू शकतात. मात्र भारतीय कायद्यानुसार होणाऱ्या नोंदणीची जागा ती घेऊ शकत नाहीत.

भारतातील स्थिती

दिव्यांगांच्या पुनर्वसन क्षेत्रातील विशेष शिक्षक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आदींची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत 'वर्तन विश्लेषक' या व्यवसायाचाही उल्लेख आहे. या कायद्याखालील, मानसशास्त्रासह, अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवले आहे.

शुल्क भरण्यापूर्वी

परदेशी पदवीला भारतात समकक्षता मिळेल काय, प्रत्यक्ष कामाची सोय वाराणसीत वा जवळच्या शहरात कोणत्या केंद्रात होईल आणि देखरेख कोण करील, याची उत्तरे विद्यापीठाकडून लेखी घ्यावीत. आपल्याच पाल्याला समजून घेणे एवढाच हेतू असल्यास पालकांसाठीचे अल्प मुदतीचे प्रशिक्षण पुरेसे ठरू शकते. व्यवसाय करावयाचा असल्यास मात्र भारतात नोंदणी देणारे शिक्षण आधी पूर्ण करून त्याला या ज्ञानाची जोड देणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.