नवी मुंबईच्या द्रोणागिरीत रोजची गाडी कुठली घ्यावी?

काल सोसायटीतल्या काकांनी विचारलं, "रोजच्यासाठी कुठली गाडी घेऊ? चालवायला मजाही यायला हवी."

आपल्याकडे एकीकडे बंदराचे कंटेनर ट्रेलर, दुसरीकडे जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू, जिथे कारना ताशी १०० किमीची मर्यादा आहे.

ट्रेलरला ओव्हरटेक करताना कामी येतो कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ. ब्रोशरमधली कमाल पॉवर इंजिन खूप फिरल्यावरच मिळते.

मजा मात्र हलक्या वजनात! साधारण ९०० किलोंची स्विफ्ट हॅचबॅक वळणावर जशी ऐकते, तशी जड एसयूव्ही ऐकत नाही. पावसाळी खड्ड्यांत नेक्सॉन एसयूव्हीचा २०८ मिमी ग्राउंड क्लिअरन्स उपयोगी, हे खरं. तरी माझं मत हॅचबॅकलाच.

पण गाडी रोजची आहे, म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरच्यांना मागे बसवून बघा.