गोठलेल्या गोंडवनातील संसार

अंटार्क्टिकाचा विचार भंडारा जिल्ह्यात बसून करणे प्रथमदर्शनी ओढूनताणून आणल्यासारखे वाटले, तरी या दोन भूभागांचे नाते भूगर्भशास्त्राने दीडशे वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवले आहे, आणि तेही याच मुलखाच्या नावाने. गोंड राजांच्या मध्य भारतातील प्रदेशावरून येथील कोळसाधारी खडकांच्या थरांना १८७० च्या दशकात ‘गोंडवन’ हे नाव मिळाले. पुढे एडुआर्ड स्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने, ज्या प्राचीन महाखंडात भारत, आफ्रिका आणि दक्षिण गोलार्धातील इतर भूमी एकत्र नांदत होत्या, त्या अवघ्या महाखंडालाच ‘गोंडवनलँड’ म्हटले. तुमसर तालुक्यातील मँगनीजचे खडक या थरांहून फार जुने आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. पण उमरेडच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात ग्लॉसोप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांच्या लुप्त वनस्पतीचे जे ठसे मिळतात, तेच अंटार्क्टिकाच्या खडकांतही आहेत. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मृत्युमुखी पडलेल्या रॉबर्ट स्कॉट यांच्या तंबूपाशी सापडलेल्या सुमारे १६ किलो दगडांत हे ठसे होते, आणि अंगात चालण्याची ताकद उरली नसतानाही त्या तुकडीने ते दगड टाकून दिले नव्हते. भारताची भूमी अंटार्क्टिकापासून सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी अलग होऊ लागली आणि त्यानंतर एकाच्या वाट्याला मोसमी पाऊस, तर दुसऱ्याच्या वाट्याला सरासरी सुमारे दोन किलोमीटर जाडीचा बर्फ आला.

या गोठलेल्या गोंडवनात भारताने पाऊल ठेवले ते गोव्याच्या वाटेने. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता या भूगर्भशास्त्रज्ञ आणि अदिती पंत या सागरशास्त्रज्ञ, अशा दोन स्त्रिया प्रथमच सामील झाल्या. यातील अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, घराणे औंधच्या पंतप्रतिनिधींचे आणि कार्यक्षेत्र गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, असे असूनही मराठी मुलखात त्यांचे नाव जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही. आज या मोहिमांची सारी सूत्रे वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून हलतात.

ध्रुवीय मोहीम म्हटले की कुत्र्यांच्या गाड्या आणि हिमवादळातील पायपीट डोळ्यांसमोर येते; परंतु परकी प्राणी म्हणून कुत्र्यांना १९९४ पासून त्या खंडावर बंदी आहे, आणि आजच्या मोहिमेचे खरे काम शोधयात्रेपेक्षा संसार चालवण्याच्या जवळचे आहे. जिथे गवताची काडी उगवत नाही आणि सरपणालाही काही मिळत नाही, तिथे वीस-पंचवीस माणसांना वर्षभर ऊब, पाणी आणि दोन वेळचे जेवण पुरवत राहणे ही तिथल्या विज्ञानाची पूर्वअट असते. ही अट भारताला पहिल्याच स्थानकाने शिकवली. तिसऱ्या मोहिमेने उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे स्थानक हिममंचावर, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर होते. साचत जाणाऱ्या बर्फाखाली ते हळूहळू गाडले गेले आणि १९९० मध्ये सोडून द्यावे लागले. त्यापूर्वीच उभे राहिलेले ‘मैत्री’ हे दुसरे स्थानक मात्र उघड्या खडकावर, लोखंडी खांबांवर उचलून बांधले गेले, जेणेकरून वाऱ्याबरोबर येणारा बर्फ इमारतीला अडून साचण्याऐवजी खालून निघून जावा.

‘मैत्री’ ज्या शिर्माखर भूभागात आहे, तो अवघा ३५ चौरस किलोमीटरचा बर्फमुक्त पट्टा असून त्यात शंभराहून अधिक तळी आहेत. भंडाऱ्याच्या वाचकाला, म्हणजे तलावांच्या जिल्ह्यातल्या माणसाला, या भूगोलातील नेमकी गोष्ट चटकन कळावी. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आणि बोड्या यांचे सारे शास्त्र पावसाळ्याचे पाणी पाळीने अडवून धानाला लागेल तेव्हा तुडुमातून सोडण्याचे, म्हणजे पाणी निसटू न देण्याचे आहे. अंटार्क्टिकात पाणी निसटत नाही, ते गोठते. जगातील गोड्या पाण्याचा सर्वांत मोठा साठा ज्या खंडावर आहे, तिथे पेलाभर पाणी मिळवायला इंधन जाळावे लागते. म्हणूनच ‘मैत्री’ची जागा तळ्याकाठी निवडली गेली. इंदिरा गांधींच्या नावावरून ‘प्रियदर्शिनी’ म्हटल्या गेलेल्या या तळ्याचा पृष्ठभाग हिवाळ्यात जाड बर्फाने झाकला जातो, पण त्याखालचे पाणी द्रवच राहते. काठावरच्या पंपघरातून ते उपसले जाते आणि उष्णतारोधक वेष्टनातल्या, वीजतारेने ऊब दिलेल्या नळांतून स्थानकात आणले जाते. वादळात वीज गेली तर नळातले पाणी पाहता पाहता दगड होते आणि मग संशोधक असो की स्वयंपाकी, बाहेर पडून नळ मोकळा करण्याच्या कामाला सर्वांनाच लागावे लागते. ‘मैत्री’पासून सुमारे ३००० किलोमीटर पूर्वेला, लार्समन टेकड्यांवर २०१२ मध्ये उभारलेल्या ‘भारती’ या स्थानकात समुद्राचे पाणी गोडे केले जाते. ते स्थानक १३४ मालवाहू कंटेनर जोडून, त्यांवर धातूचे कवच चढवून रचलेले आहे. त्या टेकड्यांचे खडक भारताच्या पूर्व घाटाच्या खडकांशी जुळतात.

मोहिमेतील माणसे दोन प्रकारची असतात. उन्हाळी तुकडी नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान काम उरकून परतते. हिवाळी तुकडी मात्र वर्षभर राहते, आणि शेवटचे जहाज गेले की तिला तेथून बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे निवडीच्या वेळी शारीरिक तपासणीइतकेच महत्त्व मानसिक चाचणीला असते, आणि निवडलेल्यांना उत्तराखंडातील औली येथे बर्फावर वावरण्याचे शिक्षण दिले जाते. ‘मैत्री’वर सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. पठारावरची जड, थंड हवा उताराने घसरत किनाऱ्याकडे येते, तिला काटाबॅटिक वारे म्हणतात. हे वारे उठले की बाहेर काही पावलांवरचे दिसत नाही आणि एका इमारतीतून दुसरीत जाताना बांधलेला दोर धरूनच चालावे लागते. पण अनुभवी मंडळींच्या दृष्टीने थंडीपेक्षा कठीण असते ती त्याच त्या चेहऱ्यांची आणि आवाजांची सोबत. झोपेचे वेळापत्रक बिघडते, विसरभोळेपणा वाढतो, क्षुल्लक कारणावरून खटके उडतात. वैद्यकशास्त्र याला हिवाळी वास्तव्याचा लक्षणसमूह म्हणते. यावरचा उतारा औषधापेक्षा दिनक्रमात अधिक असतो: ठरलेल्या वेळी एकत्र जेवण, पाळीपाळीने भांडी आणि साफसफाई, सणवार, आणि २१ जूनच्या सुमारास, रात्र सर्वांत मोठी असताना, सगळ्या देशांच्या स्थानकांनी एकमेकांना पाठवलेल्या शुभेच्छा. अशा ठिकाणी स्वयंपाक्याचे महत्त्व मोहीमप्रमुखाहून कमी नसते, असे म्हणायला हरकत नाही.

आजारपणाचा प्रश्न किती गंभीर असू शकतो, हे ‘मैत्री’पासून अवघ्या काही किलोमीटरवरच्या नोवोलाझारेव्हस्काया या रशियन स्थानकाने दाखवून दिले आहे. ३० एप्रिल १९६१ रोजी तेथील एकमेव डॉक्टर, २७ वर्षांचे लिओनिद रोगोझोव्ह, यांना स्वतःच्याच अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली. एक हवामानतज्ज्ञ अवजारे पुढे करत होता आणि एक यंत्रचालक आरसा धरून उभा होता, पण आरशात सारे उलटे दिसते म्हणून रोगोझोव्ह यांनी हातमोजे न घालता बरेचसे काम स्पर्शाने केले. पावणेदोन तासांत टाके पडले आणि दोन आठवड्यांनी ते कामावर रुजू झाले.

एवढ्या खटाटोपातून मिळते काय, हा प्रश्न रास्त आहे. नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्था, जिच्या अलिबाग वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत आली आहे, तीच नोंद ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या दोन्ही स्थानकांवर ठेवते. सूर्याकडून येणारे भारित कण ध्रुवाकडे कसे वळतात, हे दोन टोकांच्या नोंदी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या हिमस्तंभांत, म्हणजे दंडगोलाकार नमुन्यांत, जुन्या काळची हवा बुडबुड्यांच्या रूपाने अडकलेली असते, आणि हे स्तंभ वास्कोच्या शीतगृहात गोठलेल्या अवस्थेतच जपले व तपासले जातात. दक्षिणी महासागराचा मोसमी पावसावर कसा परिणाम होतो, हा अभ्यासही चालू आहे. धानाच्या जिल्ह्याला त्यात रस असायला हरकत नाही.

या खंडावरचे नियम कडक आहेत. भारताने १९८३ मध्ये स्वीकारलेल्या अंटार्क्टिक कराराने तिथे लष्करी कारवायांना मनाई केली, तर १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने खनिज उत्खननाला. २०२२ मध्ये भारतीय संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. परक्या बिया व माती तिथे जाऊ नयेत म्हणून बूट घासूनपुसून घ्यावे लागतात, आणि तयार झालेला कचरा, जाळलेल्या कचऱ्याच्या राखेसह, जहाजात भरून परत आणावा लागतो.

टपालाच्या नकाशात मात्र भंडारा आणि अंटार्क्टिका शेजारी म्हणावेत इतके जवळ आहेत. ‘दक्षिण गंगोत्री’वर १९८४ मध्ये उघडलेले टपाल कार्यालय गोवा विभागाखाली होते, आणि ५ एप्रिल २०२४ रोजी ‘भारती’वर सुरू झालेल्या कार्यालयाला एमएच-१७१८ हा प्रायोगिक पिनकोड मिळाला, तो महाराष्ट्र परिमंडळाचा. टपालतिकिटांचे संग्राहक आपली पाकिटे गोव्याच्या केंद्राकडे पाठवतात. वर्षातून एकदा जाणाऱ्या मोहिमेबरोबर ती तिकडे जातात, शिक्का घेतात आणि परत येतात. साकोलीहून पाठवलेले पाकीट घरी परतेपर्यंत धानाचा एखादा हंगाम सहज निघून गेलेला असतो.