समापन रोधक
समापन रोधक : विभेदी क्रमिक संदेशवहनात पीळ दिलेल्या दोन तारांच्या टोकाशी, त्या तारांमध्ये जोडलेला रोधक. विभेदी पद्धतीत ग्राही दोन तारांवरील विद्युत् दाबांतील फरक तेवढा ओळखतो.

तत्त्व : लांब तारांच्या जोडीला स्वतःचा अभिलक्षणिक संरोध असतो, पीळ दिलेल्या जोडीत तो साधारणपणे १०० ते १२० ओहम असतो. संकेताला एक मीटर जाण्यास सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. टोकाचा रोध व संरोध यांच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेने भागले असता परावर्तनाचे प्रमाण मिळते. दोन्ही समान असल्यास परावर्तन होत नाही. टोक मोकळे असल्यास संपूर्ण संकेत उलट फिरतो व पुढील बिटांत मिसळून चुका घडवितो.

आवश्यकता : १०० मी. लांबीच्या मार्गावर संकेताच्या जाण्यायेण्यास सुमारे १ मायक्रोसेकंद लागतो. सेकंदाला ९,६०० बिट पाठविताना एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. त्यामुळे परावर्तने वाचनापूर्वीच विरून जातात व रोधक बहुधा लागत नाही. सेकंदाला १० लक्ष बिट पाठविताना मात्र तो अपरिहार्य ठरतो.

मूल्य व स्थान : रोधकाचे मूल्य तारांच्या संरोधाइतके घेतात. आरएस-४२२ (१९७५) पद्धतीत एकच प्रेषक असल्याने सर्वांत दूरच्या ग्राहीपाशी एक रोधक पुरतो. आरएस-४८५ (१९८३) पद्धतीत मार्गावरील कोणतेही उपकरण प्रेषक होऊ शकते व संकेत दोन्ही दिशांना जातो; म्हणून दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक बसवितात. मधल्या उपकरणांवर तो बसवू नये. दहा ठिकाणी बसविल्यास एकूण रोध १२ ओहमच उरतो. मानकानुसार प्रेषकाने ५४ ओहम भारावर किमान १.५ व्होल्ट द्यावयाचे असतात, त्यामुळे इतका भार त्याला पेलत नाही. मुख्य मार्गापासून निघणारे फाटे आखूड ठेवतात. ताराकृती जोडणी टाळतात.

मर्यादा : सर्व प्रेषक निष्क्रिय असताना समापन रोधकांमुळे दोन्ही तारा समान दाबावर येतात. दाबातील फरक ०.२ व्होल्टपेक्षा कमी असल्यास ग्राहीचे उत्तर निश्चित नसते. यासाठी एक तार ५ व्होल्ट पुरवठ्याशी व दुसरी भूतारेशी, प्रत्येकी सुमारे ७०० ओहम वा त्याहून कमी रोधातून जोडतात.

तपासणी : पुरवठा बंद करून दोन तारांमधील रोध मोजल्यास, इतर उपकरणांचा भार अल्प असताना, तो सुमारे ६० ओहम भरावा. १२० ओहम भरल्यास एक रोधक नाही, तर ४० ओहम भरल्यास एक जादा आहे, असे समजावे.